प्रबुद्धची पाठवणी

लोणंदच्या बाळाबाईनं आयुष्यात सल्ले पोत्यानं वाटले. कुणाच्या कालवणात मीठ किती हवं, कुणाच्या पोरीनं कुठल्या शाळेत जावं, पाहुण्याला चहा कितीदा विचारावा, हे ती न विचारता सांगायची. ऐकत कुणीच नसे, म्हणून नुकसानही कुणाचं होत नसे. एकच सल्ला तिच्या पोरानं शब्दन् शब्द पाळला आणि त्या एका सल्ल्यानं पोराची तीन वर्षं खाल्ली.

सल्ला होता इंग्लंडच्या साहेबासमोर काय बोलायचं याचा. आता लोणंदच्या बाईचा आणि इंग्लंडचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध सख्खा होता. तिचा धाकटा भाऊ नाथाजी १९६१ साली बोटीत बसून तिकडं गेला. त्या काळी पासपोर्ट असला की झालं. राणीच्या जुन्या राज्यातला माणूस म्हणजे घरचाच, असं त्या देशाचं तेव्हा म्हणणं होतं. बंदरावरच्या साहेबानं नाथाजीचा पासपोर्ट उघडला, मिटला आणि आज हवा गार आहे एवढं सांगून त्याला पुढं जाऊ दिलं. पुढच्याच वर्षी त्यांनी कायदा करून दाराला कडी घातली. तोवर नाथाजी बर्मिंगहॅमजवळच्या एका फौंड्रीत कामाला लागलाही होता.

तिथून दरवर्षी भाऊबीजेला तो बहिणीला लोकरीचा स्वेटर धाडायचा. लोणंदला स्वेटर लागतो वर्षातून पंधरा दिवस, पण नाथाजी इंग्लंडच्या थंडीत बसून बहिणीची थंडी मोजायचा. बाळाबाईची एक अख्खी ट्रंक स्वेटरांनी भरली होती. तिचा नवरा राजाराम रेल्वेत केबिनमॅन होता, आयुष्यभर गाड्यांना सिग्नल दिलेला माणूस. छप्पन्न साली त्यानं ऐन तरुणपणात बापाबरोबर धम्मदीक्षा घेतली होती आणि घेतली ती मनापासून. ट्रंक उघडली की तो कुरकुरायचा, "दिवाळी, भाऊबीज आपली न्हवं आता."

"भावाला ओवाळायला मी कुनाला इचारत न्हाई," बाळाबाई म्हणायची आणि लाल स्वेटरावर निळा स्वेटर ठेवायची.

नाथाजीची बायको नव्वद साली गेली. मागं एकुलती एक मुलगी, पायल. तिकडंच जन्मलेली, तिकडच्या दवाखान्यात नर्स. एक्याण्णव साली ती बापाबरोबर लोणंदला आली तेव्हा गाव तिचं बोलणं ऐकायला जमलं. कारण पायलचं मराठी म्हणजे तिच्या बापानं एकसष्ट साली बोटीत घालून नेलेलं मराठी. तिच्या वयाच्या लोणंदच्या पोरी टीव्ही बघून शुद्ध बोलायला लागल्या होत्या आणि ही लंडनच्या विमानातून उतरून म्हणत होती, "आत्ती, लय दमली बगा मी. वाईच पानी द्या."

बाळाबाईचा थोरला, प्रबुद्ध, सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं जळक्या मोटारी रिवाइंड करायचा. उसाच्या पट्ट्यात पाण्याच्या मोटारी जळतच असतात, त्यामुळे त्याला उसंत नव्हती. पायल सांगली बघायला म्हणून गेली आणि दिवसभर त्याच्या दुकानात स्टुलावर बसून तांब्याच्या तारेचे वेढे मोजत राहिली. हा गुंडाळतोय, ती मोजतेय. संध्याकाळी दोघांचा आकडा जुळला. मग दोन वर्षं पत्रं चालली आणि चौऱ्याण्णवच्या जानेवारीत लोणंदला बुद्धवंदना होऊन लग्न लागलं. मामाची पोरगी केली म्हणून गावालाही काही नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. पायलला नोकरी होती, आणि बाप एकटा, फौंड्रीनं गुडघे खाल्लेला. ती दोन महिने राहून परत गेली, आणि ठरलं की प्रबुद्धनं तिकडं जायचं.

लोणंदला स्टेशनच्या रस्त्यावर लालासाहेबाची पिठाची गिरणी होती. पलटणीतून हवालदार होऊन आलेला मराठा गडी, मिशा जाड आणि आवाज त्याहून जाड. दळण घेऊन आलेला प्रत्येक माणूस तिथं मत देऊन जायचा आणि लालासाहेब ते चाळून, बारीक करून पुढच्याच्या डब्यात घालायचा. गावाचं मत म्हणजे त्या गिरणीचं मत.

"काय बाळाबाई," एक दिवस त्यानं पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, "पोरगं सासरी चाललं म्हनं? जाताना रडंल का वं?"

सगळी गिरणी हसली. बाळाबाई डबा तिथंच सोडून घरी आली. घरजावई! तिच्या माहेरात, सासरात, सात पिढ्यांत कुणी झाला नव्हता. नाथाजी एकटा आहे, पायल त्याला टाकून येणार नाही, प्रबुद्धनंच जायला हवं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण तो एक शब्द तिच्या घशाखाली उतरेना.

म्हणून जूनमध्ये प्रबुद्ध व्हिसाच्या मुलाखतीला निघाला तेव्हा ती बरोबर निघाली आणि मुंबईपर्यंत त्याच्या कानाशी बसून एकच गोष्ट घोकून घेतली. "सायबानं इचारलं तर ठनकावून सांगायचं. आमी घरजावई हुनारी मानसं न्हाई. रीत म्हंजी रीत. आज ना उद्या सून आमच्याच घरात नांदाया येनार. भिकाऱ्यागत बोलू नगंस."

तिचं साधं गणित होतं. दारात हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी आत घेत नाही, ताठ मानेच्या माणसाला घेतात.

ती वकिलातीबाहेर फुटपाथवर भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसली. दोन तासांनी प्रबुद्ध आला, चेहरा खुललेला. साहेब गोरा होता, दुभाष्या हिंदी बोलत होता. साहेबानं विचारलं, तुमच्यात लग्नानंतर कोण कुणाच्या घरी जातं? प्रबुद्ध म्हणाला, बायको नवऱ्याच्या. साहेबानं विचारलं, नवरा बायकोच्या घरी राहायला गेला तर? प्रबुद्ध म्हणाला, आमच्यात ते कमीपणाचं, आम्ही घरजावई होत नाही, माझी बायको शेवटी माझ्याच घरी येणार.

"मग?" बाळाबाईनं विचारलं.

"मग सायबानं मान डोलवली आन् समदं लिवून घेतलं."

"बगितलंस?" बाळाबाई म्हणाली, आणि मायलेकांनी तिथंच फुटपाथवर खर्डा-भाकरी खाल्ली. असं चविष्ट जेवण तिला नंतर कित्येक महिने मिळालं नाही.

पत्र आलं ते इंग्रजीत. राजारामनं डिक्शनरी घेऊन दोन दिवस त्यावर घालवले. तिसऱ्या दिवशी त्यानं बायकोला समोर बसवलं.

"नकार हाय," तो म्हणाला. "आन् कारन म्हंजी आपल्याच पोराचं बोलनं."

साहेबानं लिहिलं होतं की अर्जदाराच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे त्याच्या समाजात बायको नवऱ्याकडं जाते. नवऱ्यानं बायकोकडं जाणं कमीपणाचं मानतात. तरीही हा माणूस रीत मोडून बायकोकडं निघाला आहे. अर्थात त्याला बायको नको आहे, इंग्लंड हवं आहे.

बाळाबाई भिंतीला टेकली. राजाराम सांगत होता, "मुख्य हेतू, असा नियम हाय त्यांचा. ह्या लग्नाचा मुख्य हेतू इंग्लंडात शिरायचा नव्हता, हे नवऱ्यानंच शाबीत करायचं. त्येंनी काय शाबीत करायचं न्हाई."

"नव्हता हे कसं वं दाखवायचं?" ती एकदम उसळली. "तुमी माज्याशी लगीन केलंसा, त्येचा मुख्य हेतू काय हुता? दावा काढून!"

राजारामनं प्रामाणिकपणे विचार केला. "रेल्वेचं क्वार्टर," तो म्हणाला. लग्न झालेल्यालाच मिळायचं.

एरवी ती हसली असती. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर घालून रडली. तिच्याच तोंडचे शब्द साहेबानं घेतले होते आणि तिच्याच पोराच्या पायात घातले होते.

राजारामला मात्र तेव्हापासून नाद लागला. त्यानं दोनशे पानी वही आणली आणि केबिनमध्ये गाड्यांची नोंद करायचा तशी त्या देशाच्या दाराची नोंद सुरू केली. पायल तिकडून कात्रणं पाठवायची, हा डिक्शनरी घेऊन बसायचा. एकसष्टपर्यंत सिग्नल मोकळा. बासष्टला परवाना सुरू, त्याशिवाय आत जाणं नाही. अडुसष्टला आफ्रिकेतून निघालेल्या आपल्या लोकांसाठी घाईघाईनं दार लावलं, तीन दिवसांत कायदा. त्याच साली तिथल्या एका पुढाऱ्यानं परक्यांविरुद्ध भाषण ठोकलं आणि गोदीतले कामगार त्याच्यासाठी रस्त्यावर उतरले. पुढं एकाहत्तरचा कायदा, ज्याचे आईबाप तिकडचे त्यालाच हक्क. एकोणऐंशीचं एक पान होतं, लग्नासाठी आलेल्या एका हिंदुस्थानी शिक्षिकेची विमानतळावर कौमार्याची डॉक्टरी तपासणी केली त्याचं. ते पान त्यानं बायकोला वाचून दाखवलं नाही. घडी घालून ठेवलं. ऐंशीला हा 'मुख्य हेतू' आला आणि त्र्याऐंशीला शाबितीचा बोजा नवऱ्याच्या डोक्यावर पडला.

"आवं, पन ह्ये लोक असं का करत्यात?" बाळाबाईनं एकदा विचारलं.

"मतासाठी. लोकांस्नी बाहेरचा नको वाटला की पुढारी कडी घालतो. लोकांस्नी बरा वाटला की काढतो." मग त्यानं पेन खाली ठेवलं. "मी काय येगळा हाय व्हय? कांद्याच्या वखारीवर विजापूरकडची मानसं आली, स्टेशनामागं झोपड्या घातल्या, तवा हाकला म्हनून अर्ज केला त्येच्यावर माजी बी सही हाय."

"पर त्यातल्याच मल्लप्पाला तुमी आपलं जुनं छप्पर दिलंसा की."

"मल्लप्पा चांगला हाय," राजाराम म्हणाला, आणि वही मिटली. ते मात्र त्यानं वहीत लिहिलं नाही.

नोव्हेंबरात पायलला मुलगी झाली, साक्षी. ती जन्मानंच तिकडची नागरिक. पाळण्यातल्या पोरीला इंग्लंड मोकळं आणि तिच्या बापाला बंद. प्रबुद्ध सांगलीच्या दुकानात पोरीचा फोटो मोटारीच्या कव्हरला चिकटवून वेढे मोजत होता. आणि पंच्याण्णवच्या मार्चमध्ये नाथाजीला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. 'हां' एवढंच उरलं. पायल दवाखान्यात लोकांची सेवा करायची, घरी येऊन बापाची आणि मधल्या वेळात पोरीची.

बाळाबाई ते पत्र ऐकून उठली. ट्रंक उघडली, सगळे स्वेटर बाहेर काढले, पुन्हा आत ठेवले. मग म्हणाली, "मला सांगलीला न्या. कोर्टात."

अपील करायचं ठरलं होतंच. तिकडच्या वकिलानं कळवलं होतं की ते घरजावयाचं बोलणं सगळ्यात वाईट. आईचं काही म्हणणं असेल तर प्रतिज्ञापत्र पाठवा. सांगलीच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिस्ट बसतात. त्यातल्या एका चष्मेवाल्यासमोर बाळाबाई उकिडवी बसली.

"लिवा. मी बाळाबाई राजाराम, राहनार लोनंद. माझ्या पोरानं सायबाला जे सांगितलं ते मी पढवलं हुतं. त्येच्या मनात तसलं काय न्हवतं. रीत माजी, हट्ट माजा. माजा भाऊ लुळा पडलाय, त्येला बगाया लेक हाय आन् लेकीला बगाया कुनी न्हाई. म्हनून मी माजं पोरगं माज्या राजीखुशीनं सासरी देते. त्यो घरजावई झाला तर मला त्येचा कमीपना न्हाई."

टायपिस्टची बोटं थांबली. "आजी, तीस वर्षं टायपिंग करतोय. मुलगी दिल्याचे कागद केले, मुलगा दत्तक दिल्याचे केले. मुलगा सासरी दिल्याचा कागद नाही केला कधी."

"मग आज करा," बाळाबाई म्हणाली आणि प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही ठळक अक्षरांत केली. सही करताना तिला आपलं सारं माहेर, सारं सासर पाठीशी उभं राहून बघतंय असं वाटत होतं. तिनं वळून बघितलं नाही.

बातमी लोणंदला तिच्याआधी पोचली. गिरणीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. लालासाहेब म्हणाला, "आता बाळाबाईला लेक किती, तर एक, आन् ती बी दिलेली!" ती समोर उभी राहून डबा भरेपर्यंत ऐकत राहिली. या वेळी तिनं डबा सोडला नाही.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत अपिलाचा निकाल लागला. हरले. का, तर आधी मुलगा म्हणतो आमच्यात घरजावई होत नाहीत, आणि आता आई म्हणते झाला तरी चालेल. म्हणजे सारं कुटुंबच मुलाला कसंही करून इंग्लंडात धाडायला टपलेलं दिसतं.

"धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!" राजाराम आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. रीत सांगितली तर रीत का मोडता, मोडली तर का मोडली. मग तो भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली जाऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "कायदा मान्सानं लिवलेला असतो. मानूसच खोडतो." हे त्यानं बायकोला सांगितलं की स्वतःला, कळलं नाही.

त्या मे महिन्यात पायल बापाला तिकडं दवाखान्यात ठेवून साक्षीला घेऊन तीन आठवड्यांसाठी आली. दीड वर्षाची पोर पहिल्यांदा बापाला बघत होती. तिला तो पटेना. दोन आठवडे ती त्याच्या हाकेला ओ देईना. तिसऱ्या आठवड्यात एकदा दळण आणायला तो तिला गिरणीत घेऊन गेला, ती पिठात हात घालून बसली आणि पिठाचे दोन्ही पंजे त्याच्या शर्टावर उठवले. तिथून ती त्याची झाली, नेमकी निघायच्या चार दिवस आधी. स्टेशनावर गाडी सुटायच्या वेळी तिनं बापाची मान अशी धरली की पायलला एकेक बोट सोडवावं लागलं. त्या वेळी लालासाहेब पार्सल सोडवायला प्लॅटफॉर्मवर आला होता. त्यानं ते पाहिलं. पार्सल न घेताच तो गिरणीत परत गेला, आणि त्या दिवसापासून गिरणीत घरजावई हा शब्द निघाला की तो दळणाचा पट्टा जोरात सोडायचा, म्हणजे पुढचं ऐकू येत नसे.

तिकडं गेल्यावर पायलनं कंबर कसली. नियम रद्द करा म्हणणाऱ्या लोकांत ती शिरली, सह्यांचे कागद घेऊन आपल्या गल्लीत दारोदार गेली. तिचं पत्र राजारामनं मोठ्यानं वाचलं. बापाला ती दादा म्हणायची.

"आत्ती, हितली मानसं दोन तोंडांनी बोलत्यात. दार उघडलं की म्हनत्यात, बाहेरचं लोक लय झालं, बास करा. मी म्हनते, माजा नवरा यायचाय. तर म्हनत्यात, आगं तुजा नवरा येऊ दे की, त्येचं आमी कुटं म्हनतोय! आन् सही करत्यात. शेजारच्या मेरीबाईचा नवरा अडुसष्टला त्या पुढाऱ्याच्या मोर्चाला गेला हुता. दादा हितं राहाया आलं तवा तिनं दोन वर्सं तोंड फिरवलं. आता रोज दादांना सूप आनती. पहिली सही तिची. दुसरीबी तिचीच व्हती, मी खोडली."

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात त्या देशात निवडणूक झाली आणि अठरा वर्षांचं सरकार गेलं. राजारामनं वहीत नोंद केली, पण सिग्नलच्या रकान्यात काही भरलं नाही. पुढारी बोलतात, गाडी येते तेव्हा खरी.

जूनचा पहिला आठवडा. बाळाबाई अंगणात चिंचा फोडत बसली होती. रस्त्यावरून एक पांढरा माणूस पळत येताना दिसला. डोकं पांढरं, मिशा पांढऱ्या, बनियन पांढरी. लालासाहेब गिरणी चालू सोडून धावत आला होता. आदल्या वर्षी गिरणीत फोन बसला होता आणि पायलकडं तोच नंबर होता.

"बाळाबाई!" तो कुंपणापासूनच ओरडला. "गेला! इंग्लंडचा कायदा गेला! पोरीचा फोन आलता. आज तितल्या सरकारानं जाहीर केलं. मुख्य हेतू बंद!"

राजाराम घरातून वही घेऊनच बाहेर आला. त्यानं तारीख विचारली, नीट लिहिली आणि सिग्नलच्या रकान्यात 'मोकळा' असं लिहून खाली सही केली. नोकरीत असताना करायचा तशी.

बाळाबाईनं चिंचांची पाटी उचलली आणि सगळीच्या सगळी लालासाहेबाच्या हातात दिली.

नव्यानं अर्ज झाला. ऑगस्टमध्ये मुलाखत आली. ती पुन्हा प्रबुद्धबरोबर निघाली, पण या वेळी लोणंदपासून मुंबईपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही. पुण्याला एकदा ओठ हलले, तेवढ्यात तिनं शेंगदाण्याचा बकणा भरला. एवढं कष्टाचं काम तिनं दुष्काळी कामावर खडी फोडतानाही केलं नव्हतं. प्रबुद्ध मात्र पुटपुटत होता. तीन वर्षं त्यानं त्या एका प्रश्नाचं उत्तर घोटलं होतं. नवरा बायकोच्या घरी का जातोय? त्याला मामा, लकवा, साक्षी, पिठाचे पंजे, सगळं सांगायचं होतं.

तोच फुटपाथ, तेच फडकं. या वेळी तो पाऊण तासातच बाहेर आला. चेहरा गोंधळलेला. बाळाबाई फडकं सावरत उठली.

"काय रं? काय इचारलं?"

"बायकूसंगं ऱ्हानार का म्हनाले. व्हय म्हनलं. घर हाय का, काम काय करनार, म्हनाले. सांगितलं."

"आन् त्यो सवाल?"

"त्यो इचारलाच न्हाई, आये." तो खरंच हिरमुसला होता. "म्या सोताहून सांगाया लागलो, तर साहेब म्हनाला, त्येची आता गरज न्हाई."

बाळाबाईनं ते शब्द दोनदा म्हणून बघितले. त्येची आता गरज न्हाई. आणि मग ती भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्या साऱ्या मुंबईसमोर, अशी खळखळून हसली की दारावरचा शिपाई काठी घेऊन बघायला आला. तिनं त्याच्याही हातावर भाकरी ठेवली.

व्हिसा आला. दसरा झाल्यावर बापाजवळ मेरीबाईला बसवून पायल स्वतः न्यायला आली, साक्षीला कडेवर घेऊन. माहेरी असलेल्या लेकीला न्यायला सासरचा मुराळी येतो, तशी ती दारात उभी राहून म्हणाली, "आत्ती, मुराळी आलाय. धाडता का पोराला?"

"धाडते की," बाळाबाई म्हणाली. "पर गुपचूप न्हाई धाडायची."

तिनं लोणंदचा बँड सांगितला. राजाराम म्हणाला, अगं एवढं कशाला. ती म्हणाली, "लेकीची पाठवनी वाजवून करत्यात, मग लेकाची का चोरून?" लालासाहेबानं आपली जीप धुतली, झेंडूच्या माळा घातल्या आणि गावाला दवंडी दिल्यागत गिरणीतून सांगत सुटला. काहीजण गंमत बघायला आले, काही खरंच निरोप द्यायला. बुद्धवंदना झाली. मग बँड वाजला आणि स्टेशनच्या रस्त्यानं अशी मिरवणूक निघाली की प्लॅटफॉर्मवरचे प्रवासी नवरी कुठंय म्हणून शोधायला लागले. नवरी जीपमध्ये पुढं बसून पोरीला बिस्कीट भरवत होती. निरोप नवऱ्याचा होता.

गाडी आली तेव्हा बाळाबाईनं लेकाचे दोन्ही गाल हातांत धरले. तीन वर्षं गिळलेले सल्ले आता कुणाच्यानं थांबणार नव्हते. "सासरी नीट ऱ्हा. लवकर उठत जा. कुनी बोललं तर उलट बोलू नगं. मेरीबाईला सूप घेऊन यायला लावू नगं, तू शिक. मामाला नीट बगत जा. आन् मामाला सांग, छत्तीस वर्सं तू स्वेटर धाडलंस. औंदाची भाऊबीज माजी." सगळ्या जन्मात लेकीची पाठवणी करायला मिळाली नव्हती तिला, लेक नव्हतीच. तिनं ती हौस तिथं भागवून घेतली आणि हुंदका आला तो लपवला नाही. गंमत बघायला आलेल्या बाया पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. लालासाहेबानं हलत्या गाडीला कडक सलाम ठोकला आणि ती वळणाआड जाईपर्यंत हात खाली घेतला नाही.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी गिरणीतला फोन वाजला. दळणाला गर्दी होती. लालासाहेबानं गिरणी बंद केली, गावात तेवढ्यापुरती शांतता झाली आणि बाळाबाईला बोलावणं गेलं. ती आली ती पहिल्या सालचा, कोपरावर विरलेला लाल स्वेटर घालून. दुपारी लोणंदला घाम निथळत होता.

आधी प्रबुद्ध बोलला, पोचल्याचं सांगितलं. मग पायल म्हणाली, थांबा, दादांच्या कानाला लावते. पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता. अडीच वर्षं नाथाजी 'हां'च्या पुढं गेला नव्हता.

"नाथा," बाळाबाई म्हणाली. "मिळाली का रं भाऊबीज?"

मग फुटक्या भांड्यातून पाणी यावं तसे एकेक शब्द आले. "आक्का... लय... भारी... धाडलीस."

तिनं फोन दोन्ही हातांनी धरून ठेवला, पलीकडून तो ठेवल्याचा आवाज आला तरी. मग तो लालासाहेबाच्या हातात दिला, डोळे स्वेटरच्या बाहीला पुसले आणि डबे घेऊन उभ्या असलेल्या साऱ्या गावाकडं वळली.

"माजा प्रबुद्ध घरजावई झाला," ती मान ताठ करून म्हणाली. "कुनाला काय म्हनायचंय?"

लालासाहेबानं गिरणी चालू केली आणि तिचं दळण सगळ्यांच्या आधी घेतलं.